स्टेंट की बायपास? अँजिओग्राफीची फाइल हातात आलेल्या घरच्यांसाठी

कॅथलॅबचं, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीचं दार उघडतं. डॉक्टर बाहेर येतात, तोंडावरचा मास्क खाली करतात आणि म्हणतात, "तीन नसा ब्लॉक आहेत. पेशंट टेबलावरच आहे. आत्ताच स्टेंट टाकून घ्यायचे का?" बाकावर बसलेल्या मुलाने 'एलएडी' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेला असतो. तेवढ्यात संमतीपत्र आणि पेन पुढे येतं.

२०११ साली त्या बाकावर मी होतो. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, तरी वडिलांच्या वेळी हातपाय गळाले. वडिलांना पंधरा वर्षांचा मधुमेह, आणि तिन्ही नसांमध्ये अडथळे. दहा मिनिटांत मी सही केली, तीन स्टेंट बसले. चार वर्षांत त्यातले दोन आतून पुन्हा अरुंद झाले आणि शेवटी बायपास करावीच लागली. पहिल्याच वेळी बायपास केली असती तर काय झालं असतं, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण मी ते विचारलंच नाही, याची बोच अजून आहे. तेव्हापासून फाइल घेऊन दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक घराला जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो.

१. आधी एकच विचारा: अटॅक आत्ता सुरू आहे का?

उत्तर 'हो' असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. नस पूर्ण बंद होऊन ईसीजीमध्ये मोठा अटॅक दिसत असेल, तर दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी बंद नस तातडीने अँजिओप्लास्टी करून उघडणं हाच सर्वांत चांगला उपाय. सोय असलेल्या रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत नस उघडावी, असा दंडक आहे. कॅथलॅब दोन तासांच्या टप्प्यात नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातच घ्यायचं आणि मग मोठ्या गावी निघायचं. ते पहिल्या १२ तासांपर्यंत देता येतं, पण जितकं लवकर तितका फायदा जास्त. इथे 'दुसरं मत घेऊ' म्हणत थांबू नका. सही करा.

मात्र त्या वेळी उघडायची ती अटॅक आणणारी नस. बाकीच्या नसांमध्ये अडथळे असतील तर पेशंट स्थिर झाल्यावर त्यांचा विचार करता येतो.

उत्तर 'नाही' असेल, म्हणजे जिना चढताना छाती भरून येते, स्ट्रेस टेस्ट बिघडली म्हणून अँजिओग्राफी केली, तर तुमच्याकडे वेळ आहे. बहुतेकदा काही दिवस, कधी काही आठवडे. लेफ्ट मेन, म्हणजे डावीकडची मुख्य नस खूप अरुंद असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल, तर मुदत कमी. पण तेव्हाही सर्जनला बोलावून रिपोर्ट दाखवण्याइतका वेळ असतो. 'आता हात घातलाच आहे तर करून टाकू' हे कारण पुरेसं नाही. अँजिओग्राफीसाठी मनगटातून घातलेली नळी काढून पेशंटला वॉर्डात आणता येतं आणि तशीच नळी चार दिवसांनी पुन्हा घालता येते.

२. सीडी मागून घ्या आणि रिपोर्ट वाचायला शिका

कागदी रिपोर्टसोबत अँजिओग्राफीची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. दुसरा डॉक्टर कागद बघून फार काही सांगू शकत नाही, त्याला चित्रच लागतं.

आता शब्द. शेतकरी घरातल्या लोकांना मी पाटाचं उदाहरण देतो. हृदयाला रक्त पुरवणारे दोन पाट महाधमनीतून निघतात, एक डावा आणि एक उजवा. डाव्या पाटाचा अगदी तोंडाजवळचा आखूड भाग म्हणजे लेफ्ट मेन. तो लगेच दोन चाऱ्यांत फुटतो. समोरच्या बाजूने उतरणारी ती एलएडी, मागे वळणारी ती सर्कमफ्लेक्स. उजवा पाट म्हणजे आरसीए. रिपोर्टमध्ये डायगोनल, ओएम, पीडीए असे शब्द दिसले तर त्या पुढच्या बारीक सऱ्या समजा. एलएडीवर सर्वांत जास्त रान भिजतं, म्हणून तिच्या सुरुवातीचा अडथळा गंभीर. आणि लेफ्ट मेनवरच दगड पडला तर डावीकडचं सगळं शिवार कोरडं.

टक्क्यांना घाबरून जाऊ नका आणि त्यांवर आंधळा विश्वासही ठेवू नका. साधारणपणे ७० टक्क्यांच्या वरचा अडथळा महत्त्वाचा मानतात, लेफ्ट मेनमध्ये ५० टक्क्यांच्या वरचा. पण हा आकडा बऱ्याचदा डोळ्यांच्या अंदाजाने लिहिलेला असतो. एक डॉक्टर ६० म्हणतो, दुसरा ७५. अशा मधल्या अडथळ्यांसाठी प्रेशर वायरची तपासणी असते. अडथळ्याच्या पुढचा दाब आधीच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी भरला, तर त्या नसेमुळे खरोखर रक्त कमी पडतंय. त्याच्या वर असेल तर तिथे सहसा स्टेंटची गरज नसते.

'सिंटॅक्स स्कोअर' किती आहे हेही विचारा. अडथळे किती, कुठे, किती लांब, फाट्यावर आहेत का, कॅल्शियम किती साचलंय, एखादी नस जुनाट पूर्ण बंद आहे का, यावरून तो काढतात. २२ पर्यंत कमी, २३ ते ३२ मधला, ३३ पासून पुढे जास्त. फाइलमध्ये तो लिहिलेला नसेल, तर काढून द्यायला सांगण्यात काही गैर नाही.

३. दोन्ही उपचार नेमकं काय करतात

बहुतेक घरांमध्ये चर्चा 'छोटं ऑपरेशन की मोठं' अशी होते. त्यामुळेच निर्णय चुकतो. दोन्ही उपचारांचं काम मुळात वेगळं आहे.

अँजिओप्लास्टीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, अडथळ्यात फुगा फुगवतात आणि तिथे धातूची जाळी बसवतात. गावाकडे तिलाच 'स्प्रिंग टाकली' म्हणतात. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका माणसावर हा प्रयोग पहिल्यांदा केला, तेव्हा फक्त फुगा होता. जाळी १९८६ मध्ये आली. नस पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून औषध लावलेली जाळी २००० नंतर रुळली. आज जी बसते ती बहुतेक हीच.

बायपासमध्ये अडथळ्याला हातच लावत नाहीत. अडथळ्याच्या पुढे नसेला नवा फाटा जोडतात. क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायातली शीर वापरून या शस्त्रक्रियेची घडी बसवली. आता सर्वांत मोलाचा फाटा मानतात तो छातीच्या हाडामागे डाव्या बाजूला असलेल्या धमनीचा. ती एलएडीला जोडली की दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांमध्ये ती चालू असते. पायातल्या शिरेचं तसं नाही. दहा वर्षांत साधारण निम्म्या शिरा बंद पडतात. म्हणून सर्जनला हे जरूर विचारा: "एलएडीला छातीतली धमनी लावणार ना? आणखी एखादी धमनी वापरता येईल का?"

पुन्हा पाटाकडे येऊ. स्टेंट म्हणजे गाळ साचला तेवढ्याच जागी पाट मोकळा करणं. दोन हात पुढे किंवा मागे उद्या नवा गाळ साचला, तर त्यावर या कामाचा उपयोग नाही. बायपास म्हणजे खालच्या अंगाला नवी चारी आणून सोडणं. वरच्या खराब पट्ट्यात पुढे आणखी दोन अडथळे तयार झाले, तरी रान भिजत राहतं. मधुमेहात एकाच ठिकाणी गाळ नसतो. सगळा पाटच जागोजागी भरत जातो. मधुमेह आणि अनेक नसांचे अडथळे असलेल्यांना बायपास जास्त लाभते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. वडिलांच्या फाइलसमोर बसून हे मला फार उशिरा उमगलं.

४. तुमचा पेशंट कुठे बसतो ते बघा

*एक नस, किंवा दोन नसा पण एलएडीची सुरुवात मोकळी.* उपचार लागलाच तर बहुतेकदा स्टेंट. एवढ्यासाठी छाती उघडण्याचं कारण क्वचितच असतं.

*मधुमेह आणि दोन-तीन नसांत अडथळे, त्यात एलएडी.* इथे पारडं बायपासकडे झुकतं. २०१२ मध्ये 'फ्रीडम' नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात मधुमेह असलेल्या १९०० लोकांची तुलना होती. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडलं ते स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के, बायपासवाल्यांत १८.७ टक्के. नुसते मृत्यू पाहिले तर १६.३ विरुद्ध १०.९. पण पक्षाघात बायपासमध्ये जास्त होता, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. ही दुसरी बाजूही सर्जनकडून स्पष्ट ऐकून घ्या.

*तिन्ही नसा, मधुमेह नाही.* सिंटॅक्स स्कोअर कमी असेल तर दोन्ही मार्ग खुले. मधला किंवा जास्त असेल तर बायपास.

*लेफ्ट मेन.* पूर्वी लेफ्ट मेन म्हटलं की बायपासच. आता अडथळा साधा असेल आणि बाकीच्या नसा बऱ्या असतील, तर अनुभवी हाताने स्टेंट बसवता येतो. या विषयावर हृदयतज्ज्ञ आणि सर्जन यांच्यात जगभर मोठा वाद झाला आहे. त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली तर कुणीतरी फसवतंय असं लगेच समजू नका. पुन्हा प्रोसिजर करावी लागण्याची शक्यता स्टेंटनंतर जास्त, एवढ्यावर मात्र दोघांचंही एकमत होतं.

*पंपिंग कमी.* टू-डी एको या हृदयाच्या सोनोग्राफीत ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३५ किंवा त्याखाली, आणि अनेक नसा खराब. अशांमध्ये बायपास केल्याने दहा वर्षांच्या हिशेबात आयुष्य वाढल्याचं दिसलं आहे. चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट टाकून तसा फायदा दिसला नाही. पण ऑपरेशनचा सुरुवातीचा धोकाही यांनाच जास्त असतो, म्हणून इथे सर्जनचा अनुभव फार महत्त्वाचा.

*झडपेचंही ऑपरेशन लागणार आहे.* मग बायपास त्याच वेळी.

*वय ८० च्या पुढे, शरीर थकलेलं, फुप्फुसं खराब, आधी पक्षाघात होऊन गेलेला.* स्टेंट. आमच्या गल्लीतल्या एका ८३ वर्षांच्या आजींचा स्कोअर पाहिला तर पुस्तकाप्रमाणे बायपास करायला हवी होती. पण आजी आधार घेतल्याशिवाय उठत नव्हत्या. लेफ्ट मेनला एक स्टेंट बसला, तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. त्यांना पुन्हा अंगणात तुळशीपर्यंत चालायचं होतं, तेवढं झालं.

आणि एक तिसरा मार्ग, जो कॅथलॅबच्या दारात फारसा कुणी सांगत नाही: फक्त औषधं. लेफ्ट मेन मोकळी आहे, पंपिंग चांगलं आहे, त्रास फक्त जास्त श्रम केल्यावर होतो, अशा स्थिर पेशंटमध्ये स्टेंट किंवा बायपास लगेच केली काय आणि आधी औषधांवर ठेवलं काय, पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण सारखंच राहिलं. ५१७९ लोकांच्या 'इस्केमिया' चाचणीचे निकाल २०२० मध्ये छापून आले, त्यात हे दिसलं. स्टेंटने छातीचं दुखणं कमी होतं, रोजचं जगणं सोपं होतं, आणि तो फायदा खरा आहे. पण 'स्टेंट टाकला नाही तर कधीही जाऊ शकतो' असं अशा पेशंटच्या घरच्यांना सांगितलं गेलं, तर शांतपणे विचारा, "कशाच्या आधारावर?"

५. दोन खुर्च्यांसमोर बसा

एक हृदयरोगतज्ज्ञ, जो स्टेंट बसवतो. एक हृदयशल्यविशारद, जो बायपास करतो. लेफ्ट मेन, तीन नसा किंवा मधुमेह यांपैकी काहीही असेल, तर दोघांना भेटल्याशिवाय ठरवू नका. चांगल्या रुग्णालयात हे दोघे एकत्र बसून निर्णय घेतात, त्याला 'हार्ट टीम' म्हणतात. तिची चर्चा झाली का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. मी स्वतः डॉक्टर आहे, मला कुणी विचारलं तर बरंच वाटतं.

प्रश्न घरूनच वहीत लिहून न्या. ऐनवेळी आठवत नाहीत.

दोघांनाही: बाबांच्या बाबतीत काही न करता फक्त औषधं दिली तर काय? तुमच्या उपचारात जिवाला आणि मेंदूला किती धोका? पाच वर्षांत पुन्हा टेबलावर यावं लागण्याची शक्यता किती?

स्टेंटवाल्यांना: किती स्टेंट लागतील? सगळ्या महत्त्वाच्या नसा उघडता येतील की काही तशाच राहतील? क्रिएटिनिन (रक्तातला किडनीच्या कामाचा आकडा) वाढलेलं आहे, तर डाय, म्हणजे नसा दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, किती जाईल?

सर्जनना: पुढच्या नसा जोडण्याइतक्या चांगल्या आहेत का? असं ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता? हृदय चालू ठेवून करणार की मशिनवर घेऊन? यातलं शेवटचं उत्तर काहीही आलं तरी चालेल, सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती बरी. प्रकृती ठीक असलेल्या माणसात आधी ठरवून केलेल्या बायपासमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण १ ते २ टक्के असतं. तुमच्या पेशंटचा आकडा त्याहून किती वेगळा, ते सर्जनकडूनच समजून घ्या.

६. पैशाचं आधी बोला

स्टेंटची किंमत सरकारने बांधून दिलेली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटवर २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली. त्याआधी एकेका स्टेंटचे लाख-दीड लाख लोकांनी मोजले आहेत. मर्यादा अधूनमधून बदलते, म्हणून चालू आकडा विचारून घ्या. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी दाखवायला सांगा आणि त्याचं स्टिकर फाइलवर लावून घ्या. फुगे, वायर, कॅथलॅब यांचा खर्च वेगळा असतो. तीन-चार स्टेंट लागणार असतील, तर बायपासच्या खर्चाशी तफावत वाटते तितकी राहत नाही.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. रेशनकार्ड, आधार आणि अँजिओग्राफीची सीडी घेऊन आधी त्याच्याकडे जा. मंजुरी उपचाराआधी लागते. पैसे भरून झाल्यावर योजना आठवली तर उपयोग होत नाही. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालतं का, ते बघा. बायपाससाठी रक्तदाते उभे करायला सांगतात, तेव्हा गावातल्या तरुण मंडळाला आदल्या आठवड्यातच कळवा.

७. घरी आल्यावर

स्टेंटनंतर माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो आणि आठवड्यात हिंडू-फिरू लागतो. मनगटावर फक्त सुईएवढी खूण असते. त्यामुळे काही झालंच नव्हतं असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, साधारण सहा महिने आणि अटॅक येऊन गेला असेल तर वर्षभर घ्याव्या लागतात. मनाने गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन नस क्षणात बंद पडू शकते. दात काढायचा आहे, मोतीबिंदू करायचा आहे, उपवास आहे, गोळ्या संपल्या आणि मेडिकल बंद आहे, यातलं कुठलंही कारण चालणार नाही. दाताच्या डॉक्टरला स्टेंटचं कार्ड दाखवा आणि तुमच्या हृदयाच्या डॉक्टरला फोन करून मगच पुढे जा.

बायपासची गोष्ट वेगळी. साधारण आठवडाभर रुग्णालय, त्यातले दोन-तीन दिवस आयसीयू. छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं आणि ते जुळायला सहा ते आठ आठवडे, काहींना तीन महिने लागतात. तोवर दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याची कळशी नाही आणि नातवंडही नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. पलंगावरून उठताना हातावर जोर न देता आधी कुशीवर वळायचं. भारतीय बैठकीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची आधीच आणून ठेवा. मोटरसायकल दोन महिने तरी विसरा. तीन चेंडूंचं फुंकणीसारखं यंत्र देतात, ते दर तासाला ओढायचं. कंटाळा येतो, पण न्यूमोनिया त्यानेच टळतो.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: बायपासनंतरचे काही आठवडे माणूस खचलेला असतो. झोप येत नाही, जेवणाची चव जाते, टीव्ही बघता बघता डोळ्यांत पाणी येतं. माझे वडील कधी रडले नव्हते, ते महिनाभर रोज संध्याकाळी गप्प होऊन खिडकीत बसायचे. हळूहळू ते ओसरलं. घरच्यांनी घाबरू नये आणि 'आता तर सगळं झालं, रडताय कशाला' असंही म्हणू नये. लांबलं तर डॉक्टरांना सांगा. जखमेतून पू, ताप, किंवा श्वास घेताना छातीचं हाड आत 'टक' वाजणं, यांसाठी मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

स्टेंट असो वा बायपास, मूळ आजार जागेवरच असतो. मशेरी, गुटखा, बिडी कायमची बंद. कोलेस्टेरॉलची गोळी रोज, रिपोर्ट चांगला आला तरी. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली, जमल्यास ५५ च्या खाली. साखर आणि बीपी ताब्यात. चालणं पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग अंगण, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.

डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचं कार्ड यांचा फोटो घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिली असेल तर ती खिशात, घड्या घातलेल्या शर्टात नव्हे. पुन्हा छाती भरून आली तर आधी खाली बसा, एक गोळी जिभेखाली ठेवा आणि घड्याळ बघा. उभ्याने घेतली तर बीपी उतरून चक्कर येते. लैंगिक ताकदीची गोळी घेतलेली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही, तर शेजाऱ्याची गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा.